छाटलेल्या वेलीची फूट आणि उघड्या मुळांच्या रोपाची फूट

जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे हिमाचलातून सफरचंदाची रोपं येतात. मुळं ओल्या शेवाळात किंवा कागदात गुंडाळलेली, मातीचा कण नाही, वर पान नसलेली काडी. एचआरएमएन-९९, अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन ही कमी थंडीवर भागणारी वाणं. बिलासपूरच्या हरिमन शर्मांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी तयार केलेलं वाण म्हणजे यातलं एचआरएमएन-९९. आता तासगावपासून माण-खटावपर्यंत अंगणात, बांधावर, गच्चीवर कुणी ना कुणी ते लावून बघतंय.

पुढची गोष्ट ठरलेली. काडी कुंडीत किंवा पिशवीत लावायची, हिरवे कोंब दिसले की फोटो टाकायचा, खाली सगळ्यांनी ‘लागलं की!’ म्हणायचं. मार्चमध्ये तेच रोप मान टाकतं आणि मग निकाल लागतो, आपल्या हवेत हे येत नाही. हवेला उगाच बोल लावतात. रोप मरतं ते वागवण्यातल्या चुकीनं, आणि ही चूक सगळ्यात जास्त करतो तो द्राक्षवाला, कारण त्याला फूट म्हणजे काय हे पक्कं माहीत असतं.

द्राक्षाची ऑक्टोबरची छाटणी झाली, काडीवरच्या डोळ्यांना फूट आणणारी पेस्ट लागली, पाणी चालू केलं, डोळे फुगले, बाग फुटली. पहिली पानं काडी, ओलांडे (वेलीचे आडवे हात), खोड आणि मुळांतल्या अन्नसाठ्यावर निघतात, हेही आपल्याकडच्या कुठल्याही बागायतदाराला ठाऊक आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

सफरचंदाची काडीही तशाच साठ्यावर फुटते. दिसायलाही तसंच दिसतं. फरक जमिनीखाली आहे. वेलीची फक्त वरची काडी आपण कापलेली असते, खाली डॉगरिजचं, म्हणजे ज्या खुंटावर द्राक्षाचं कलम बांधतात त्याचं, सगळं मूळजाळं जागच्या जागी असतं. नव्या पानाला पाणी लागलं की ते ओढून द्यायला खालची यंत्रणा तयार असते. उघड्या मुळांच्या रोपाचं नेमकं उलटं. नर्सरीत उपटताना पाणी शोषणारी बारीक मुळी बहुतेक सगळी तुटून तिथंच राहते, उरलेली प्रवासात वाळते. हाती येतात ती जाड, तपकिरी मुळं. ती रोपाला धरून ठेवतात, त्यांच्यात थोडा साठाही असतो, पण पाणी ओढण्याचं काम त्यांच्याच्यानं फारसं होत नाही. त्यासाठी नवी पांढरी मुळी निघावी लागते, आणि ऊब लागली की कोंब अनेकदा तिच्या आधी बाहेर पडतात.

म्हणजे पहिली पानं बघून एवढंच कळतं, की काडी जिवंत आहे आणि साठा खर्च होतोय. पान उघडलं की त्यातून पाणी उडायला लागतं. मार्चच्या दुपारी पारा ३५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा वरचा खर्च वाढतो आणि खालून आवक जवळपास नसते. कोंबाचा शेंडा आधी लवतो, मग पानाच्या कडा मऊ पडून आत वळतात.

इथंच घात होतो. पान लवलेलं दिसलं की माणूस पाणी घालतो. वेलीला ते चालून जातं. इथं माती ओलीच असते, पाणी पिणारी मुळी नसते. वर आणखी तांब्याभर ओतलं की मातीतली हवा जाते, आणि नवी मुळी निघायला ओलाव्याइतकीच हवाही लागते. जी निघू बघत होती तीही कुजते. म्हणून माती ओली असताना पान लवलं तर पाणी वाढवायचं नाही, वरचा खर्च कमी करायचा. कुंडी सावलीत न्या. आंब्याखाली ठेवा किंवा शेडनेटखाली, सकाळचं कोवळं ऊन पुरे. दुपारी काडीवर पाण्याचा हलका फवारा मारा. लावतानाच वरचा एक तृतीयांश शेंडा कापला असेल तर उत्तम. पाणी रोप लावताना एकदा भरपूर, मग मातीत दोन पेरं बोट घालून बघायचं आणि वाफसा आल्यावरच, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिल्यावरच, पुढचं. रोज सकाळी ठरल्या वेळी पाणी घालणाऱ्यांची रोपं मी सगळ्यात जास्त मेलेली पाहतो.

मूळ धरलं हे ओळखायचं कसं? पहिल्या पानांनंतर वाढ थबकते. तिथं घाबरू नका, खाली काम चालू असतं. मग शेंड्यातून दुसऱ्यांदा फूट निघते, पानं आधीपेक्षा मोठी येतात आणि दुपारी लवली तरी संध्याकाळी आपली आपण उभी राहतात. खोड दोन बोटांत धरून हलवलं तर मातीत लटपटत नाही. पिशवीच्या भोकातून पांढरी मुळी डोकावली तर मग शंकाच नको. तोवर रोप लागलं असं म्हणू नये.

उपटून बघायचं तर मुळीच नाही. तुटते ती नेमकी नवी मुळी. काडी फुटतच नसेल तर नखानं साल जराशी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर थांबा. तपकिरी आणि कोरडं असेल तर आणखी खाली खरवडून बघा.

वेलीची सवय म्हणून न फुटलेल्या काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावणारेही आहेत. कृपा करून लावू नका. मुळी नसलेल्या रोपाला जबरदस्तीनं फोडणं म्हणजे त्याचा उरलासुरला साठा लवकर संपवणं. एकोणीस-एकोणीस, युरिया, ही सगळी रासायनिक खतं दुसऱ्या फुटीपर्यंत लांब ठेवा. कुंडीत फुलं आली तर खुडून टाका, कितीही जिवावर आलं तरी.

बाकीचं थोडक्यात. रोप आल्यावर मुळं दोन-चार तास पाण्यात, दोन दिवस बादलीत नाही. मूळ दुमडून कुंडीत कोंबू नका, खोल कुंडी घ्या. नुसती काळी माती नको, ओली झाली की हवा कोंडते आणि वाळली की तडकून मुळी तोडते. निम्मी तांबडी माती, बाकी वाळू आणि पूर्ण कुजलेलं खत. तळाला खडीचा थर घालण्याची रीत मला अजिबात पटत नाही, त्यानं पाणी खडीच्या वरच्या मातीत अडून राहतं. भोकावर एक खापरी पुरते. कलमाचा जोड मातीच्या चार बोटं वर हवा, आणि जोडाखालून येणारी फूट ही खुंटाची, ती दिसेल तेव्हा काढायची.

शेतात लावायची घाई पाऊस पडला म्हणून करू नका. पिशवी एका बाजूनं अलगद चिरून बघा. माती मुळांना धरून गोळा राहिली तर लावा, सुटून पडायला लागली तर सुतळीनं पिशवी बांधून रोप परत सावलीत ठेवा.