जुनी कावीळ, नवं औषध

ठाण्यात नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये रिपोर्टसाठी थांबलो होतो. शेजारी आमच्याच सोसायटीतल्या काकू. काकांना लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर निघालाय, पुढच्या आठवड्यात त्यावरचं औषध रिटुक्सिमॅब सुरू होणार. "हेपटायटिस बी निगेटिव्ह आलंय, एक काळजी मिटली," म्हणत त्यांनी कागद दाखवला. त्यावर एकच ओळ होती: एचबीएसएजी (विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन), निगेटिव्ह.

काळजी मिटायला ती एक ओळ पुरत नाही.

हेपटायटिस बीचा विषाणू (आपल्याकडे बरेच जण पांढरी कावीळ म्हणतात तो) यकृताच्या पेशीत शिरला की पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचं एक बंद कडं करून ठेवतो. आजार बरा होतो, एचबीएसएजी रक्तातून नाहीसा होतो, पण हे कडं काही पेशींत वर्षानुवर्षं टिकतं. प्रतिकारशक्ती त्याला दाबून धरते, म्हणून माणसाला पत्ताही लागत नाही. रिटुक्सिमॅब मात्र या प्रतिकारशक्तीतल्या बी-पेशींनाच संपवतं. पहारा उठला की विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि कधीकधी यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 साली या औषधावर याबद्दलचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो उगाच नाही. महिनाभर किंवा अधिक काळ मोठ्या डोसात घेतलेले स्टेरॉइडही असा प्रताप करू शकतात.

मग जुना संसर्ग ओळखायचा कसा? अँटी-एचबीसी या प्रतिपिंडावरून (अँटीबॉडीवरून). तो विषाणूच्या आतल्या गाभ्याविरुद्ध तयार होतो. लशीत फक्त बाहेरचं आवरण असतं, त्यामुळे लस घेतलेल्याच्या रक्तात हा सापडत नाही. विषाणू अंगात येऊन गेला असेल तरच सापडतो, आणि बहुधा जन्मभर. इथे एक गफलत फार होते. चाचणीचे दोन प्रकार आहेत, आयजीएम आणि टोटल. आयजीएम ताजा संसर्ग सांगते. तीस वर्षांपूर्वीची कावीळ हुडकायची तर टोटलच हवी. तीही उपचारापूर्वी, कारण रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवल्यावर दुसऱ्याचे प्रतिपिंड येऊन निकाल फसवा होऊ शकतो.

टोटल पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू उठणारच असं नाही. अंदाजासाठी आणखी एक आकडा बघतात: संरक्षक प्रतिपिंड, अँटी-एचबीएस. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी 2014 साली अशा 63 लिम्फोमा रुग्णांवर दर चार आठवड्यांनी नजर ठेवल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा आकडा सुरुवातीला 10 च्या खाली असलेल्यांपैकी दोन वर्षांत सुमारे 68 टक्के जणांत विषाणू परतला, वर असलेल्यांत 34 टक्के. म्हणजे आकडा चांगला असला तरी निर्धास्त होता येत नाही. रुग्ण थोडे होते, हेही ध्यानात ठेवावं.

आता एचबीसीआरएजी (विषाणूच्या गाभ्याशी निगडित प्रथिनं) आणि विषाणूचा आरएनए असे नवे निर्देशकही आले आहेत. यकृतातलं ते कडं अजून कामाला लागलेलं आहे का, याचा सुगावा ते रक्तातून देतात. मला त्यांचं कुतूहल आहे, पण जिथे साधी टोटल चाचणीच राहून जाते तिथे ही पुढची गोष्ट झाली.

एसजीपीटीवर (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या घटकावर) भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक सांगायला हवं: आधी विषाणूचा डीएनए वाढतो, एसजीपीटी त्यानंतर काही आठवड्यांनी. रिटुक्सिमॅबआधी टोटल पॉझिटिव्ह असेल तर म्हणूनच बहुतेक वेळा विषाणूला दाबणारी एन्टेकाविर किंवा टेनोफोविरची गोळी आधीच सुरू करतात आणि शेवटच्या डोसनंतरही वर्ष-दीड वर्ष चालू ठेवतात. मध्येच आपल्या मनाने बंद केली तर धोका परततो.

काकूंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर चिठ्ठी आली. काउंटरवरच्या मुलाने ती वाचून विचारलं, "आयजीएम ना?"

"नाही रे बाळा, टोटल," काकू म्हणाल्या.