युरोप संपतो कुठे? उरलच्या रेषेची पार्श्वभूमी

बाकीचे खंड नकाशावर ओळखायला फार डोकं लागत नाही. ऑस्ट्रेलियाभोवती पाणी, अंटार्क्टिकाभोवती पाणी, आफ्रिका आशियाला सुएझपाशी जेमतेम चिकटलेली, दोन अमेरिका पनामापाशी. युरोप-आशियाचं तसं नाहीये. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरून पूर्वेला निघालात तर पार व्लादिवोस्तोकपर्यंत समुद्र ओलांडायची वेळच येत नाही, जमीन सलग, खालची प्लेटसुद्धा (म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा तुकडा) बहुतेक सगळी एकच. मग ॲटलासमध्ये ती रेषा आली कुठून? तर माणसांनी आखली, तीही बऱ्यापैकी अलीकडे, आणि आखणाऱ्यांना ती तिथेच हवी होती म्हणून.

सुरुवात ग्रीकांची. त्यांचं जग एजियन समुद्राभोवतीचं, अलीकडचा किनारा युरोप, पलीकडचा आशिया, आणि इथवर सगळं ठीक होतं कारण मध्ये खरंच पाणी आहे, एजियन, मार्मारा, बॉस्फरस, मग काळा समुद्र. घोळ काळ्या समुद्राच्या पलीकडे गेल्यावर. काहीजण म्हणायचे फासिस नदी ही हद्द (म्हणजे आजच्या जॉर्जियातली रिओनी), काहीजण म्हणायचे तनाइस, म्हणजे डॉन. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. ५व्या शतकातच वैतागून लिहून ठेवलंय की जमीन एकच असताना तिला तीन नावं (युरोप, आशिया आणि लिबिया, म्हणजे आफ्रिका), तीही बायकांची, कोणी आणि का दिली ते मला काही कळत नाही. पुढे डॉनच टिकली. टॉलेमी या प्राचीन भूगोलतज्ज्ञाने तीच धरली आणि मध्ययुगातल्या ख्रिस्ती नकाशांवरही तीच आली, त्या नकाशांत पूर्व दिशा वर, मधोमध जेरुसलेम, वरचा अर्धा भाग आशियाचा आणि त्याच्या खालची आडवी रेघ म्हणजे डॉन आणि नाईल.

पण डॉन उगम पावते मॉस्कोच्या दक्षिणेला. त्याच्या वरती आर्क्टिकपर्यंत काय करायचं हा प्रश्न उरतोच, आणि तिकडच्या भूगोलाची धड माहिती नव्हती तोवर कोणालाच त्याने फरक पडत नव्हता.

फरक पडायला लागला तो रशियाचा झार पीटर द ग्रेट याच्या काळात. त्याला रशिया युरोपातलं साम्राज्य म्हणून दाखवायचा होता, १७०३ ला सेंट पीटर्सबर्ग, १७२१ ला सम्राट ही पदवी. आता स्पेन, ब्रिटन यांच्या वसाहती समुद्रापलीकडे होत्या आणि रशियाचा सैबेरिया जमिनीला जमीन लागून, मग आपला देश कुठला आणि वसाहत कुठली हे दाखवायला मध्ये काहीतरी ठळक हवं ना! उरल पर्वत तिथे आयताच उभा होता. त्याच सुमारास वसिली तातिश्चेव हा पीटरचा अधिकारी उरलमधल्या खाणी आणि कारखाने बघत होता, १७२३ ला येकातेरिनबर्ग वसवलं गेलं त्यात त्याचा मोठा हात. दुसरीकडे स्ट्राहलेनबर्ग नावाचा स्वीडिश लष्करी अधिकारी १७०९ ला पोल्टावाच्या लढाईत पकडला गेला, बरीच वर्षं सैबेरियात कैदी म्हणून राहिला आणि सुटून घरी गेल्यावर त्याने १७३० मध्ये पुस्तक छापलं, त्यात सीमा उरलवरून नेलेली. तातिश्चेव नंतर म्हणाला की ही कल्पना मीच त्याला दिली होती. कोणाची का असेना, रशियन दरबाराला ती सोयीची होती आणि हळूहळू बाकीच्यांनीही उचलली. १८३७ ला युवराज अलेक्झांडर उरलमध्ये आला तेव्हा पेर्वोउराल्स्कजवळ सीमेचा स्तंभसुद्धा उभारला.

गंमत म्हणजे उरल काही भिंतीसारखा वगैरे नाही. सर्वात उंच शिखर नारोद्नाया, १८९५ मीटर, आणि मधल्या भागात तर डोंगर इतके बुटके की रेल्वे सहज पार होते. उंच पर्वत आणि वेगळी प्लेट एवढ्यावर खंड ठरत असता तर आपला दावा कितीतरी भक्कम, हिमालय आहे, प्लेट वेगळी आहे, तरी आपण उपखंडच!

उरल संपल्यावर दक्षिणेला तर अजून वाद. एक रेषा उरल नदीने कॅस्पियनला जाते. या नदीचं जुनं नाव याइक, तिथल्या कोसॅकांसह पुगाचोवने केलेलं बंड लोकांनी विसरावं म्हणून रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरीने १७७५ ला ते बदलायला लावलं. कॅस्पियन ते काळा समुद्र या पट्ट्यात काहीजण कुमा-मानिच हा सखल भाग धरतात (१९५८ ला सोव्हिएत भूगोलवाल्यांनीही हाच धरला), तर काहीजण कॉकेशस पर्वताचा मुख्य जलविभाजक, म्हणजे ज्याच्या दोन बाजूंना पाणी वेगवेगळीकडे वाहतं तो कणा. आपल्याकडचे गिर्यारोहक तिरंगा घेऊन ज्या एलब्रुसवर जातात ते ५६४२ मीटरचं शिखर जलविभाजकाच्या जरा उत्तरेला आहे, म्हणून त्या रेषेने ते युरोपातलं सर्वोच्च शिखर. कुमा-मानिच धरलं तर एलब्रुस गेलं आशियात आणि मान मिळतो आल्प्समधल्या माँ ब्लाँला, ते जेमतेम ४८०० मीटरच्या वर. सात खंडांची सात शिखरं करणारे बहुतेक एलब्रुसच धरतात.

रशियन मुलं मात्र शाळेत युरेशिया हा एकच महाखंड शिकतात, युरोप आणि आशिया हे त्याचे दोन भाग. कझाकस्तानचा पश्चिमेकडचा थोडा तुकडा उरल नदीच्या अलीकडे येतो, अतिराऊ शहर तर नदीच्या दोन्ही काठांवर आहे. तेवढ्या युरोपावर त्यांची फुटबॉल टीम २००२ ला आशियाई संघटना सोडून युएफात (युरोपीय फुटबॉल संघटनेत) गेली आणि तेव्हापासून युरोपीय पात्रता फेरीतच खेळते.