रोगलाइक आणि रोगलाइट: हीरो मेल्यावर मागे काय उरतं?

गेल्या महिन्यात माझा बहुतेक मोकळा वेळ दोन गेम्सनी घेतला. फोनवर ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ आणि लॅपटॉपवर ‘हेडीस’. दोन्ही मला मनापासून आवडतात. दोन्हींत हीरो मेला की पहिल्या खोलीपासून सुरुवात करायची, आणि दर खेपेला वाट वेगळी, सापडणाऱ्या वस्तूही वेगळ्या. त्यामुळे गेम्सच्या दुकानांत दोन्ही एकाच यादीत दिसतात, आणि ‘हेडीस आवडला, तसाच आणखी एक सांग’ म्हणणाऱ्याला लोक बिनधास्त शॅटर्ड सुचवतात. तो बिचारा दोन दिवसांत वैतागून तो काढून टाकतो. दोष ना त्याचा, ना गेमचा. शॅटर्ड रोगलाइक आहे, हेडीस रोगलाइट: पहिल्यात मेल्यावर हीरोची ताकद साठत नाही, दुसऱ्यात ती कायमची साठत जाते.

आधी रोगलाइक, म्हणजे ‘रोग’ या जुन्या गेमसारखा. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ लिहिला, आणि पुढे बर्कलीचा केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला. चित्रं नव्हती, सगळं अक्षरांत. ‘अ‍ॅट’चं चिन्ह म्हणजे आपण, इंग्रजी मोठी अक्षरं म्हणजे राक्षस. जमिनीखालच्या २६ व्या मजल्यावरचा येंडोरचा ताईत घेऊन वर यायचं. अर्धवट खेळ साठवता यायचा, पण तो पुन्हा उघडला की साठवलेली फाइल पुसली जायची. म्हणजे मेल्यावर मागे जायची सोयच नाही. बीएसडी युनिक्स या संगणक प्रणालीबरोबर हा गेम विद्यापीठाविद्यापीठांत पोचला.

शॅटर्ड थेट याच घराण्यातला. २०१२ च्या ‘पिक्सेल डंजन’चा कोड त्याच्या कर्त्याने खुला केला, त्यावर २०१४ पासून हा उभा राहिला. मजले २६, ताईतही तोच. अँड्रॉइडवर फुकट, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही. हीरो एक पाऊल टाकतो तेव्हाच राक्षस एक पाऊल टाकतो, म्हणून विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो.

गटारांच्या मजल्यावर खेकडा मागे लागला की या गेमचं मर्म कळतं. खेकडा आपल्यापेक्षा जोरात पळतो, म्हणजे पळून सुटका नाही. मग दार ओलांडायचं, पलीकडे कडेला उभं राहायचं, आणि तो चौकटीत आला की वार करायचा. त्याला आपण दिसलेलो नसतो, म्हणून तो वार चुकत नाही. हे कुणी शिकवत नाही, पण एकदा समजलं की पुढच्या प्रत्येक खेपेला उपयोगी पडतं. बाटल्यांचंही तसंच. या खेपेला जांभळी बाटली जखम भरून काढत असेल, तर पुढच्या खेपेला तीच अंगाला आग लावेल, कारण रंग दर वेळी बदलतात. म्हणून अनोळखी बाटली पाण्याजवळ उभं राहून प्यायची. आग लागली तर पाण्यात शिरलं की विझते. नाही विझवली तर पोटलीतले मंत्रलेखही जळून जातात.

हीरो पहिल्या दिवशी २० हेल्थ, म्हणजे मार सोसायची ताकद, घेऊन उतरतो, आणि वर्षभर खेळल्यावरही २० च घेऊन उतरतो. जे काही वाढलं ते खेळणाऱ्याच्या डोक्यात.

हेडीसमध्ये गणित वेगळं आहे. पाताळाच्या राजाचा मुलगा झॅग्रियस घरातून पळू पाहतो, वाटेत मरतो आणि रक्ताच्या कुंडातून पुन्हा बापाच्या महालात वर येतो. महालात एक आरसा आहे. वाटेत गोळा केलेला ‘डार्कनेस’ तिथे खर्च करायचा आणि कायमची ताकद विकत घ्यायची. सुरुवातीला हेल्थ ५०. आरशातून ती हळूहळू १०० वर जाते. मरता मरता पुन्हा उठण्याच्या तीन संधीही विकत मिळतात, आणि दर वेळी अर्धी हेल्थ परत येते. म्हणजे पहिल्या रात्रीचा झॅग्रियस ५० हेल्थवर लढतो, तर काही आठवड्यांनंतरचा १०० अधिक तीन वेळा ५०, असा २५० वर. वाटेत देवांकडून मिळणारी वरदानं यात धरलेलीच नाहीत. हात अजिबात सुधारला नाही तरी गेम सोपा होत जातो.

यात कमीपणा काही नाही. उलट हेडीसने मरण गोष्टीतच ओवलंय. परत आलो की महालातली माणसं बोलतात, कुणी कशाने मारलं त्यावर शेरे मारतात, नाती पुढे सरकतात. हरल्यावरही काहीतरी मिळाल्याचं समाधान असतं. २०२१ चा ह्यूगो पुरस्कार त्याला मिळाला तो उगाच नाही.

फरक ओळखायला मी एक कसोटी लावतो. गेम उडवून नव्याने टाकला तर काय जातं? शॅटर्डमध्ये खुले केलेले हीरो आणि जुन्या विक्रमांची यादी जाते, पण माझी जिंकण्याची शक्यता जवळपास तेवढीच राहते. हेडीसमध्ये आरसा कोरा होतो आणि मी त्याच हातांनी पुन्हा ५० वर येतो.

काही गेम्स मात्र मधे पडतात. ‘स्ले द स्पायर’ आणि २०२४ चा ‘बालात्रो’ या पत्त्यांच्या गेम्समध्ये खेळता खेळता नवे पत्ते, नवे जोकर खुले होतात. पण त्यांनी निवड वाढते, ताकद फारशी नाही, म्हणून माझ्या लेखी ते रोगलाइकच्या जवळचे. जुने जाणकार हे मान्य करणार नाहीत. २००८ मध्ये बर्लिनला या गेम्सचे निर्माते जमले होते, त्यांनी काढलेल्या लक्षणांच्या यादीत पाळीपाळीने खेळणं आणि चौकटींचा नकाशाही येतो. त्या यादीने ‘स्पेलंकी’सुद्धा मागे पडतो, कारण त्यात सतत पळावं आणि उड्या माराव्या लागतात. मला ती यादी फार अरुंद वाटते. खेळताना माणसाला जाणवतं ते कायमचं काही साठतंय की नाही हे, राक्षस केव्हा पाऊल टाकतो ते नाही. ‘रोगलाइट’ हे बिरुद आपणहून मिरवणाऱ्या २०१३ च्या ‘रोग लेगसी’तही नवी गोष्ट हीच होती: बाप मेला की त्याने जमवलेलं सोनं वारसाने वाड्यावर खर्च करायचं.

कुणाला काय सुचवावं? दिवसभर काम करून रात्री तासभर खेळणाऱ्याला हेडीस. त्यात ‘गॉड मोड’ आहे. तो चालू केला की लागणारा मार २० टक्क्यांनी कमी होतो, आणि प्रत्येक मरणाला आणखी २ टक्के, असं ८० टक्क्यांपर्यंत. गोष्ट शेवटपर्यंत बघायची असेल तर तो लाज न बाळगता चालू करावा. बुद्धिबळाची कोडी आवडणाऱ्याला, लोकलमध्ये रेंज नसताना खेळायला काही हवं असणाऱ्याला शॅटर्ड. मात्र देताना एवढं जरूर सांगा, की पहिले काही आठवडे दहाव्या मजल्यावरच्या टेंगू या बलाढ्य शत्रूच्या पुढे जाता आलं नाही तरी काही अडत नाही, आणि ताकद विकत देणारा आरसा इथे शोधत बसू नका.