खालची कवळी का हलते?

वरची कवळी छान बसली, खालची मात्र जागेवर राहत नाही. दात बसवून घेतलेल्या माणसांची ही बहुधा सर्वांत जुनी तक्रार असावी. दातांचा महागडा सेट घेतला तरी भाकरीचा घास घेताच खालची कवळी उचलते आणि जिभेवर येते. दोष बहुतेक वेळा त्या दातांचा नसतो, ते ज्यावर बसवले त्या जागेचा असतो. म्हणून कवळी निवडताना आधी खालच्या जबड्याकडे पाहावं आणि बाकीचं त्यानंतर ठरवावं.

नैसर्गिक दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पदर असतो आणि दात त्यात झोळीसारखा टांगलेला असतो. एका जबड्यातल्या सगळ्या दातांभोवतीचा हा पदर पसरला तर साधारण ४५ चौरस सेंटीमीटर भरतो. दात गेले की तो पदरही जातो. मग चावण्याचा भार हिरडीच्या पातळ त्वचेवर येतो. वर कडक प्लॅस्टिक, खाली हाड आणि मध्ये ती चिमटलेली. तिची जागा वरच्या जबड्यात २३-२४ चौरस सेंटीमीटर असते, खालच्या जबड्यात जेमतेम १२ ते १४. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाच उरतो, तो यामुळेच. कवळी कितीही उत्तम असली तरी सुपारी फोडण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

वरची कवळी टिकते ती टाळूमुळे. ओल्या काचेवर दुसरी काच ठेवली की सहज सुटत नाही, तसंच इथे होतं. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि कडेने हवा आत शिरली नाही तर कवळी घट्ट राहते. यातली नाजूक जागा म्हणजे मागची कड. टाळूचा कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो तिथे ती कड किंचित दाबून बसावी लागते. त्यासाठी साच्यावर त्या रेषेत मुद्दाम थोडं खरवडतात. ‘मागे टोचतं, उमासे येतात, तेवढा भाग कापून द्या’ असा आग्रह पुष्कळ जण धरतात. डॉक्टरांनी तो मानला की हवेला वाट मिळते आणि खोकलं तरी कवळी खाली येते. उमासे बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतात. कापलेली कड मात्र नव्याने बांधून घ्यावी लागते.

खालच्या कवळीला टाळू नाही. ती घोड्याच्या नालेसारखी. आतून जीभ, बाहेरून गाल आणि ओठ, खालून तोंडाचा तळ. सगळं सतत हलणारं. त्यात हाडही झिजत असतं. दात काढल्यावर त्याला धरून ठेवणारा हाडाचा कठडा शरीराला नकोसा होतो आणि विरघळू लागतो. पहिल्या वर्षात झपाट्याने, नंतर हळूहळू, पण कायमचा. टॉलग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांची २५ वर्षं मापं घेतली होती. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट दिसली. पहिल्या वर्षी घट्ट बसलेली कवळी पाचव्या वर्षी हलते, ती अशी.

तेव्हा पहिला प्रश्न कवळीचा नसून उरलेल्या दातांचा आहे. ‘दोन-चारच राहिलेत, तेही काढा आणि एकदाची पूर्ण कवळी करा’ हे घरोघरी ऐकू येतं. खालचे दोन सुळे त्यात असतील तर थांबून विचारावं. सुळ्याचं मूळ लांब असतं. त्याचं रूट कॅनाल करून, वरचा भाग हिरडीच्या जरासा वर, साधारण २ मिलिमीटरवर, घुमटासारखा गोल करून त्यावर कवळी बसवता येते. मूळ जागेवर राहिलं की भोवतीचं हाडही राहतं. क्रम आणि रूनी या संशोधकांनी १९७८ मध्ये दिलेले आकडे बोलके आहेत. खालच्या पुढच्या भागात पाच वर्षांत सुळ्यांची मुळं राखलेल्यांचं हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजलं, तर सगळे दात काढलेल्यांचं ५.२ मिलिमीटर. शिवाय मुळाभोवतीच्या तंतूंमुळे किती जोराने चावतोय याची जाणीवही शिल्लक राहते. अट एकच. ही मुळं रोज फ्लोराइडच्या पेस्टने घासायला हवीत. कवळीखाली लाळ फिरत नाही, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर ती वर्षभरातही किडू शकतात.

तोंडाचं पार बोळकं झालेलं असेल तर खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला टायटॅनियमचे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रुतवायचे खुंट, बसवून त्यांवर कवळी अडकवता येते. इम्प्लांटच्या डोक्यावर गोळी किंवा बटण असतं, कवळीच्या आतून टोपी. बटण दाबल्यासारखी कवळी टक् करून बसते आणि धुण्यासाठी काढताही येते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या दंतहीन जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असं मत मांडलं. खर्च पाहता आपल्याकडे ते सर्रास होणं अवघड आहे. पण पैसे मर्यादित असतील आणि इम्प्लांट एकाच जबड्यात घालायचे असतील तर ते खालीच घालावेत. वरची कवळी टाळूच्या आधाराने निभावून नेते. टोपीतली नायलॉनची किंवा रबराची कडी झिजते आणि ठरावीक काळाने बदलावी लागते, हा चालू खर्च आधीच विचारून घ्यावा. मधुमेह आटोक्यात आहे का, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, हाडं ठिसूळ झाल्याबद्दल अ‍ॅलेंड्रोनेटसारखी गोळी किंवा इंजेक्शन घेतलं आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगावं. या शेवटच्या औषधांमुळे दात काढल्यावर किंवा इम्प्लांट बसवल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

काही दात शाबूत असलेल्यांचं गणित वेगळं. मुळात प्रत्येक गेलेली दाढ भरून काढावीच लागते असं नाही. केयसर या डच दंतवैद्याने मांडलेली कल्पना अशी, की पुढचे दात आणि उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) समोरासमोर नीट भिडत असतील तर मागच्या दाढांवाचूनही बहुतेकांचं खाणं भागतं. जपानमध्ये १९८९ पासून ‘८०व्या वर्षी २० दात’ अशी मोहीमच आहे. तेव्हा शेवटच्या एका दाढेसाठी लगेच कवळी करण्याची घाई नको.

करायचीच असेल तर काढ-घाल अर्धवट कवळीचे तीन प्रकार समोर येतात. गुलाबी अ‍ॅक्रिलिक नावाचं कडक प्लॅस्टिक आणि तारेचे हुक ही सर्वांत स्वस्त. पुढे आणखी दात गेला तर त्याच कवळीत भरता येतो, म्हणून तात्पुरत्या कामाला चांगली. पण ती दातांवर टेकत नाही, हिरडीवर टेकते. वर्षानुवर्षं वापरली की खाली दबत जाते आणि कडेने शेजारच्या दातांची हिरडी खरवडते. दुसरी लवचीक, नायलॉनची. तारा दिसत नाहीत, पडली तरी सहसा फुटत नाही, त्यामुळे मागणी खूप. आमचं मत विचाराल तर पुढच्या एक-दोन दातांसाठी ठीक, दाढांसाठी नको. वाकणारी वस्तू चावण्याचा भार दातांकडे पोहोचवू शकत नाही, सगळा भार हिरडीवर जातो. शिवाय सैल झाली की आतून नवा थर देऊन भरून घेणं अवघड आणि घासून दुरुस्त करणंही कटकटीचं. तिसरी कोबाल्ट-क्रोमच्या ओतीव सांगाड्याची. पट्टी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्यामुळे जिभेला अडगळ कमी. दातांच्या माथ्यावर केलेल्या छोट्या खाचांत तिचे टेकू बसतात आणि भार दातांमधून हाडात उतरतो. महाग पडते, हुक चमकतात, पण टिकाऊ कामासाठी तिघींत हीच भरवशाची.

पूर्ण कवळी व्यवस्थित करायची तर साधारण पाच खेपा लागतात. ‘दोन दिवसांत कवळी’ म्हणणारा यातली एखादी गाळत असतो. पहिल्या खेपेला ढोबळ माप. त्यावरून तुमच्याच जबड्याचा, माप घेण्यासाठीचा खास ट्रे बनतो. दुसऱ्या खेपेला या ट्रेच्या कडांना तापवून मऊ केलेलं मेणासारखं कंपाउंड लावून तुम्हाला ओठ पुढे करायला, गाल ओढायला, जीभ बाहेर काढायला सांगतात. स्नायू कुठवर हलतात ते कडेवर उमटतं आणि मग आतून पातळ पेस्ट भरून बारीक माप घेतात. खालच्या कवळीचं भवितव्य इथेच ठरतं. कड लांब राहिली तर जीभ उचलताच कवळी उडते, आखूड राहिली तर आधीच कमी असलेली जागा वाया जाते.

तिसऱ्या खेपेला मेणाच्या पट्ट्या ठेवून दोन्ही जबड्यांतलं अंतर ठरतं. निवांत बसल्यावर वरच्या-खालच्या दातांमध्ये २ ते ४ मिलिमीटर फट राहायला हवी. उंची जास्त झाली तर बोलताना दात एकमेकांवर टक-टक आपटतात, जबडा दुखतो, हिरडी सोलवटते. कमी झाली तर हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांच्या कोपऱ्यांत लाळ साचून तिथे चिरा पडतात.

चौथी खेप ट्रायलची. दात मेणात लावलेले असतात, बदल करता येतो. या दिवशी घरातलं एखादं माणूस आणि दात असतानाचा हसरा फोटो बरोबर न्यावा. अगदी पांढरेशुभ्र, रांगेत उभे केल्यासारखे दात मागू नयेत. सत्तरीच्या चेहऱ्यावर तेच आधी परके दिसतात. आरशात पाहून झालं की बोलून पाहावं. मराठी यासाठी सोयीची आहे. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट असे अडुसष्टपर्यंत आकडे म्हणा. ‘स’ म्हणताना वरचे आणि खालचे दात जवळ यावेत, पण आपटू नयेत. चांगला, जागा, झाड हे शब्द म्हणा. या च-ज-झ साठी जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते, तिथे कवळी फार जाड असेल तर शब्द बोबडे येतात. ‘विहीर’ आणि ‘फवारा’ म्हणताना वरच्या दातांची धार खालच्या ओठाला अलगद लागायला हवी. पसंत नसेल तर त्याच दिवशी स्पष्ट सांगावं. यानंतर मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिक भरून ते तापवलं जातं आणि मग दाताची जागा हलवायची म्हणजे जवळजवळ नवं काम. तापवण्याचीही घाई चालत नाही. सुमारे ७४ अंशांवर काही तास ठेवून मग पाणी उकळतात. एकदम उकळलं तर आतलं द्रव्य, जे १०० अंशांच्या आसपास उकळतं, वाफ होऊन कवळीत बुडबुडे सोडतं आणि ती तिथेच तडकते.

पाचव्या खेपेला कवळी हातात येते, आणि खरी परीक्षा त्यानंतरच्या महिन्यात असते. आधी लाळ खूप सुटते, मग कमी होते. भात-वरण, खिचडी, उकडलेल्या भाज्या यांपासून सुरुवात करावी. घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंना वाटून चावावा. पेरू किंवा सफरचंद पुढच्या दातांनी तोडू नये, पुढे जोर पडला की कवळी मागून उचलते, फोडी कराव्यात. तीळ आणि पेरूच्या बिया कवळीखाली गेल्या की खड्यासारख्या टोचतात. वरच्या कवळीने टाळू झाकल्याने चहा किती गरम आहे ते कळत नाही, पहिले काही दिवस घोट जपून घ्यावा. कुठे सोललं तर कानस किंवा चाकू घेऊन घरी घासू नये. डॉक्टरांकडे जाण्याआधी काही तास, जमल्यास आदल्या दिवशी, कवळी घालावी, म्हणजे लाल झालेली जागा नेमकी दिसते आणि तेवढंच घासता येतं.

दात काढल्याच्या दिवशीच कवळी बसवली असेल तर पहिले २४ तास ती काढायची नाही. सूज आली की परत बसत नाही. काही महिन्यांत हाड आक्रसतं आणि आतून भरून घ्यावंच लागतं, हा खर्च आधीच धरावा.

एरवी रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी. हिरडीला विसावा मिळतो, आणि कोरडी पडली तर कवळीचा आकार बिघडू शकतो. रात्रंदिवस घालणाऱ्यांच्या टाळूवर कँडिडा नावाची बुरशी वाढते. टाळू लालभडक होतो, दुखत मात्र नाही, म्हणून लक्षात येत नाही. धुताना मऊ ब्रश आणि पातळ साबण वापरावा. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, तिने ओरखडे पडतात आणि त्यांतच बुरशी घर करते. उकळतं पाणी नको, धातूच्या सांगाड्याला ब्लीच नको. बेसिनमध्ये पाणी भरून त्यावर धुवावी, हातातून निसटली तरी फुटत नाही.

कवळी चिकटवायची पावडर किंवा क्रीम अधूनमधून वापरायला हरकत नाही. तिच्याशिवाय जेवताच येत नसेल तर मात्र कवळी सैल झाली आहे, ती आतून भरून घ्यावी. झिंक असलेली क्रीम वर्षानुवर्षं भरपूर वापरणाऱ्या काहींच्या शरीरात तांबं कमी पडून हातापायांना मुंग्या आणि अशक्तपणा आल्याच्या नोंदी आहेत.

वरची कवळी मधोमध तडकली तर तो बहुधा अपघात नसतो. दोन्ही बाजूंचं हाड झिजतं, टाळूच्या मध्याचं तसं झिजत नाही, आणि प्रत्येक घासाला कवळी त्या मध्यावर वाकत राहते. अशा वेळी दुकानातला झटपट गोंद लावू नये. त्याचा थर तुकड्यांमध्ये बसला की ते पुन्हा नेमके जुळत नाहीत आणि लॅबला दुरुस्ती करणं अशक्य होतं. सगळे तुकडे, अगदी कडेचा टवकासुद्धा, ओल्या कापसात गुंडाळून न्यावेत. आणि नुसतं जोडून न घेता आतूनही भरून घ्यावं, नाहीतर ती पुन्हा त्याच रेषेत तडकते.