वेट फ्लाय दुय्यम कशी ठरली? सॉफ्ट हॅकलची पार्श्वभूमी

सोलापुरात पारा ४२-४३ च्या पुढे गेला की हिमाचलचे बेत ठरतात, आणि हल्ली त्या बेतांत गळाचा नाद असलेली मंडळीही असतात. उजनीच्या पाण्यावर चिलापी आणि मरळ धरून हात बसलेला असतो. तिथे कुलूकडच्या तीर्थन किंवा सैंज नदीच्या काठी ट्राउट धरायची हौस असते, आणि त्यासाठी फ्लाय लागते, म्हणजे गळावर दोरा आणि पीस बांधून केलेली किड्याची नक्कल. निघण्याआधी डबीत काय भरायचे यावर चर्चा होते आणि तिथे एक समज हमखास डोके वर काढतो: ट्राउट ड्राय फ्लायवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या नकलेवर धरणे ही खरी कला; वेट फ्लाय, म्हणजे पाण्याखाली जाणारी ओली नक्कल, हे नवशिक्याचे काम. मऊ पिसाच्या साध्या वेट फ्लायला, म्हणजे सॉफ्ट हॅकलला, तर कोणी विचारतच नाही. हा समज माशाच्या स्वभावातून आलेला नाही. तो इंग्लंडमधल्या दोन-तीन नद्यांवर, साधारण साठ वर्षांच्या काळात घडला.

टेस्ट आणि इचेन या दक्षिण इंग्लंडच्या नद्या खडूच्या खडकात मुरलेल्या पाण्यावर वाहतात. पाणी नितळ, तापमानात वर्षभर फारसा फरक नाही, प्रवाह संथ, पाणवनस्पती आणि किडे भरपूर. अशा पाण्यात ट्राउट एका जागी थांबून वरून वाहत येणारे किडे टिपतो आणि काठावरून तो दिसतोही. १८७० च्या दशकाच्या शेवटी बारीक नेढे असलेले छोटे गळ चांगल्या प्रतीचे मिळू लागले. बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेल्या काठ्या आणि तेल पाजलेली जड रेशमी दोरीही आली. त्यामुळे फ्लाय हवेत झटकून वाळवणे आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला नेमक्या जागी उतरवणे शक्य झाले. १८८६ आणि १८८९ मध्ये एका सधन लंडनवासीयाने दोन पुस्तकांत या सगळ्याची शिस्त बांधून दिली. मासा वर येताना दिसला तरच फ्लाय टाकायची, तो ज्या किड्यावर येतो त्याचीच तरंगती नक्कल वापरायची, आणि ती त्याच्या मागून, प्रवाहाच्या वरच्या दिशेने टाकायची.

त्या नद्यांसाठी ही पद्धत उत्तमच होती. पण पद्धतीचा नियम झाला, आणि पुढचा सगळा गुंता त्यातून सुरू होतो. त्या नद्यांचे काठ खासगी मालकीचे होते. पाणी भाडेपट्ट्याने घेणाऱ्या मंडळांनी आपापल्या पाण्यावर फक्त ड्राय फ्लाय चालेल असे ठरवायला सुरुवात केली. थोड्याच काळात त्या ठरावाला सभ्यतेचा रंग चढला. कोरडी फ्लाय टाकणारा तो खानदानी, ओली टाकणारा तो कसाही मासा ओढून काढणारा. कौशल्याबद्दलचे मत शीलाबद्दलचे मत होऊन बसले, आणि त्याची झळ पुढच्या अनेक पिढ्यांना लागली.

याला विरोध त्याच नद्यांवरून झाला, हे महत्त्वाचे आहे. पेशाने वकील असलेला एक माणूस १८८३ पासून इचेनच्या एका पट्ट्यावर गळ टाकत होता. त्याच्या लक्षात आले की पाण्यावर वलये उठतात, मासा खातो आहे असे दिसते, तरी तरंगती फ्लाय तो सोडून देतो. कारण तो पृष्ठभागावरचे किडे खात नव्हता; पंख फुटण्यासाठी वर निघालेले किडे तो पृष्ठभागाच्या बोटभर खाली गाठत होता. १९१० मध्ये त्याने पुस्तक लिहून सांगितले की दिसणाऱ्या माशाला, वरच्या दिशेने, पण ओली फ्लाय टाकली तर त्यात शिस्तीचा भंग कुठेच होत नाही. पुढे तो धरलेल्या माशाच्या पोटातले किडे बशीत काढून तपासू लागला आणि त्यावरून फ्लाय बांधू लागला. मला तरी या वादात पुराव्यानिशी बोलणारा तोच एक दिसतो.

समोरच्यांचे म्हणणे पोकळ होते असे नाही. उथळ, संथ पाण्यात वेट फ्लाय नेम न धरता प्रवाहाबरोबर खाली ओढत नेली तर लहान मासे टोचले जातात आणि मोठे बुजतात. ते पाणी नंतर दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाचे राहत नाही. पण हा आक्षेप आंधळेपणाने ओढत नेण्यावर होता. मासा हेरून टाकलेल्या ओल्या फ्लायला तो लागू होत नाही. नियम करणाऱ्यांनी हा भेद केला नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये या प्रश्नावर जाहीर चर्चा झाली आणि तिचा सूर त्या वकिलाच्या विरोधात गेला असे मानले जाते. त्याच वर्षी त्याने पन्नासहून अधिक वर्षे ज्यावर काढली ते पाणी सोडले. तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. नंतरच्या दशकांत किड्यांच्या अळीरूपाच्या फ्लाय सर्वत्र मान्य झाल्या. जुन्या नियमाची छाया मात्र उरली, आणि ती आपल्या डबीवरही पडते.

हे सगळे दक्षिणेत चालले होते तेव्हा उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये लोक निवांतपणे मऊ पिसाच्या फ्लायवर मासे धरत होते. तिथल्या नद्या पावसाच्या पाण्याच्या, दगडगोट्यांच्या, वेगवान. १८५७ मध्ये एका स्कॉटिश गळकऱ्याने अशा फ्लाय प्रवाहाच्या वरच्या दिशेने टाकाव्यात असे ठासून लिहिले होते, म्हणजे दक्षिणेतल्या पुस्तकांच्या तीसेक वर्षे आधी. १८८५ मध्ये उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या ६२ फ्लायची रंगीत चित्रांसह नोंद झाली. १९१६ च्या एका पुस्तकाच्या मोजक्या प्रतींत पिसांचे आणि दोऱ्यांचे खरे नमुनेच लावलेले होते. त्यामागे कारण आहे. या फ्लायमध्ये रेशमी दोऱ्याचे अंग आणि पिसाचे एक-दोन वेढे एवढेच असते, त्यामुळे दोऱ्याची छटा चुकली तर फ्लायच चुकते. सूत ओले झाले की रंग गडद होतो, हे सोलापूरसारख्या यंत्रमागाच्या गावाला सांगायला नको. नारिंगी रेशीम पाण्यात तपकिरीकडे झुकते, आणि तितराच्या पिसाची नारिंगी फ्लाय तिथे पिढ्यान्पिढ्या टिकली. पिसाचे मऊ तंतू प्रवाहात मिटतात, उघडतात, आणि वर निघालेल्या किड्याच्या पायांची हालचाल तयार होते. ताठ पिसाची फ्लाय तरंगेल, पण हे करणार नाही.

त्याआधीचा इतिहास लांब आहे. इसवी सन २०० च्या सुमारास मॅसिडोनियातल्या नदीवर लाल लोकर आणि कोंबड्याचे पीस गळाला बांधत असल्याची नोंद आहे, आणि १४९६ मध्ये इंग्लंडात छापलेल्या मजकुरात बारा फ्लायची कृती मिळते. अमेरिकेत १९४१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका गळकऱ्याने वेट फ्लाय बांधण्यावर लिहिले. सॉफ्ट हॅकल हे नाव सर्वांच्या तोंडी झाले ते १९७५ च्या एका अमेरिकी पुस्तकामुळे.

आपल्याकडे ट्राउट आला तो साहेबांच्या हौसेपायी. निलगिरीत १८६० च्या दशकापासून प्रयत्न झाले. काश्मीरला पाठवलेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच वाया गेली आणि १९०० मधली दुसरी जगली. कुलू खोऱ्यात तो १९०९ मध्ये पोहोचला. महाराष्ट्रात तो नाही, कारण त्याला बारमाही थंड पाणी लागते. हिमाचलच्या नद्या दक्षिण इंग्लंडपेक्षा यॉर्कशरच्या जवळच्या: उतार, खडक, वेग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते. आपण जातो त्या मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी वाढलेले आणि गढूळलेले असते. अशा पाण्यात फक्त ड्राय फ्लायचा हट्ट धरणे म्हणजे परक्या नदीचा नियम पाळणे.

राहिला प्रश्न पिसांचा. जुन्या कृतींत तितर, पाणकोंबडी, पाणलावा अशा रानपक्ष्यांची पिसे लागतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आपले तितर आजही दिसते आणि त्याचे ठिपकेदार पीस या कामाला शोभेल असेच आहे, म्हणून मोह होतो. तो आवरायलाच हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा मार्ग बंद केला आहे. कोणी पिसे आणून देतो म्हणाला तरी घेऊ नयेत. गावरान कोंबडीच्या मानेचे आणि पाठीचे मऊ पीस उत्तम चालते. कोंबडीचे पीस वेट फ्लायला वापरण्याची रीत जुनीच आहे, त्यामुळे यात तडजोड काही नाही. पीस तितरापेक्षा दाट असेल तर देठाच्या एका बाजूचे तंतू काढून टाकावेत आणि एकच वेढा द्यावा. गळ १४ किंवा १६ नंबरचा, दोरा रेशमी. छटा ठरवताना तो आधी पाण्यात बुडवून पाहावा.