राखीव निधी (वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांचा)

सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने चालू खर्चातून बाजूला काढलेली रक्कम, बोलीत गंगाजळी. पुण्यात अशा संस्था निदान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आढळतात. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले मंडळ सामान्यतः 31 मार्चला हिशेब मिटवते आणि लेखापरीक्षित ताळेबंद (अनुसूची आठ) व उत्पन्न-खर्च पत्रक (अनुसूची नऊ) धर्मादाय कार्यालयात दाखल करते.

मतभेद आहेत ते आजीव वर्गणीबाबत. ती मिळाली त्याच वर्षीचे उत्पन्न धरावी, असे काही कार्यकारिणी मानतात. काही लेखापाल ती सभासदत्वाच्या सरासरी काळावर विभागतात. तिसऱ्या मतानुसार ती कायम निधीत जमा करून फक्त व्याज वापरावे. पहिल्या पद्धतीने पत्रकात शिल्लक दिसते खरी, पण पुढे ओढाताण होते. व्याजावर भागवायचे म्हटले तरी आजीव वर्गणीचा आकडा चुकलेला असतोच. वार्षिक वर्गणी 600 आणि आजीव 5,000 रुपये असेल, तर 7 टक्क्यांनी वर्षाला 350 रुपये व्याज मिळते. उरलेले 250 वार्षिक सभासदांच्या माथी. त्या व्याजदराला आजीव वर्गणी वार्षिकच्या निदान पंधरापट हवी. महागाईने मुद्दल झिजत असले, तरी तिसरी पद्धत अधिक सुरक्षित वाटते.

निधी किती असावा, याचा कायदेशीर आकडा नाही. सहा महिन्यांचा बांधील खर्च (भाडे, अर्धवेळ कारकुनाचा पगार, वीज, लेखापरीक्षण) हा व्यवहारातला ठोकताळा. वर्षाला 1,80,000 खर्च असेल तर 90,000. मोजताना पुढील वर्षाची आगाऊ वर्गणी, शिबिराचे आधी घेतलेले शुल्क आणि पुरस्कारासाठीच्या देणग्या वजा कराव्या लागतात. ही वजावट न करता खजिनदार वर्गणी नुकतीच जमा झालेल्या एप्रिल-मेमध्ये पासबुकातली शिल्लक सभेपुढे ठेवतो, त्यावर नवे खर्च मंजूर होतात आणि फेब्रुवारीत सभागृहाचे भाडे थकते.

न्यासाचा पैसा अनुसूचित वा शासनमान्य सहकारी बँक, टपाल बचत किंवा सरकारी रोख्यांत ठेवावा, असे महाराष्ट्राच्या 1950 च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाचे कलम 35 सांगते. पुणेकर मंडळांचा ओढा ओळखीच्या सहकारी बँकेकडे. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये पुण्यातल्याच रुपी सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि 2022 मध्ये तिचा परवाना रद्द केला. ठेवविमा एका बँकेतील एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतच मिळतो आणि सर्व शाखांतल्या ठेवी एकत्र धरल्या जातात. तेव्हा शाखा बदलून उपयोग नाही, बँक बदलावी. मुदती तीन-तीन महिन्यांच्या अंतराने संपणाऱ्या ठेवल्या, तर ठेव मोडावी लागत नाही.

न्यास म्हणून करसवलत न घेणाऱ्या क्लबांच्या बाबतीत सभासदांच्या वर्गणीवर पारस्परिकतेच्या तत्त्वाने (सभासदांचाच पैसा सभासदांसाठीच खर्च होतो, म्हणून तो नफा नव्हे) कर लागत नाही. बँक ठेवींच्या व्याजाला मात्र ते तत्त्व लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर क्लबच्या प्रकरणात 2013 मध्ये दिला.