नाव बदलत राहिलेला वाद

अमेरिकेतील सरकारी शाळांत सजीवसृष्टीची उत्पत्ती कशी शिकवावी, हा वाद सहसा ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ अशा ठोकळेबाज मथळ्याखाली मांडला जातो. प्रत्यक्षात त्याचा इतिहास बराचसा शब्द बदलत राहण्याचा आहे.

१९२५ साली टेनेसी राज्याने बटलर कायदा करून, माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सरकारी शाळांत शिकवणे गुन्हा ठरवले. गंमत म्हणजे राज्याने मान्यता दिलेल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उत्क्रांती होतीच, आणि डेटन गावातील ज्या औषधांच्या दुकानात ते पुस्तक विकले जाई, तिथेच बसून गावच्या मंडळींनी जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकाला या कायद्याची कसोटी पाहणाऱ्या खटल्यात आरोपी होण्यासाठी राजी केले. त्याला १०० डॉलर दंड झाला. दंडाची रक्कम ज्युरीऐवजी न्यायाधीशांनी ठरवली, एवढ्या तांत्रिक मुद्द्यावर १९२७ मध्ये शिक्षा रद्द झाली. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

१९५७ साली सोव्हिएत स्पुटनिक आकाशात गेल्यावर अमेरिकेला आपल्या विज्ञानशिक्षणाची काळजी वाटू लागली आणि नव्या पाठ्यपुस्तकांत उत्क्रांती ठळकपणे परतली. १९६८ मध्ये आर्कान्सातील शिक्षिका सुझन एपरसन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांती शिकवण्यावरील बंदी घटनाबाह्य ठरवली. बंदी घालता येत नाही म्हटल्यावर मागणी समान वेळेची झाली आणि देवाने सृष्टी निर्माण केली या बायबलमधील कथेला ‘निर्मितीविज्ञान’ हे नाव मिळाले. उत्क्रांती शिकवायची तर हेही शिकवा, असे सांगणारा लुइझियानाचा कायदा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला.

पुढचे नाव होते ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे सजीवांची रचना कोण्या बुद्धिमान रचनाकाराने केली असा दावा. २००४ साली पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या शाळा मंडळाने, नववीच्या मुलांना त्याची ओळख करून देणारे निवेदन वाचून दाखवण्याचे ठरवले आणि ११ पालक न्यायालयात गेले. निवेदनात ज्या पुस्तकाचा हवाला होता, त्याचे जुने मसुदे सुनावणीत पुढे आले. १९८७ च्या निकालानंतर त्यांत ‘क्रिएशनिस्ट्स’ (निर्मितीवादी) या शब्दाच्या जागी ‘डिझाइन प्रोपोनन्ट्स’ (डिझाइनचे समर्थक) घालण्यात आले होते. पण एका ठिकाणी जुन्या शब्दाचे पहिले अक्षर आणि शेपूट तसेच राहून, मधोमध नवा शब्द अडकलेला होता. मुद्रितशोधकाच्या नजरेतून निसटलेली ही चूक वादींच्या चांगलीच पथ्यावर पडली. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकालात, हे विज्ञान नव्हे, असे स्पष्ट केले. धर्माच्या बाजूने झुकणाऱ्या न्यायव्यवस्थेची अपेक्षा बाळगणाऱ्यांना हे अनपेक्षित असावे, कारण जोन्स यांची नेमणूक पुराणमतवादी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केली होती.

२००८ मध्ये लुइझियानाने पुन्हा कायदा केला. त्यात निर्मितीचा आग्रह नाही की डिझाइनचे नाव नाही. उत्क्रांतीसारख्या सिद्धांतांची ‘चिकित्सा’ करण्यासाठी शिक्षकांना पूरक साहित्य वापरण्याची मुभा तेवढी आहे.